बारा उपाशी रोपं

कार्तिगै लागली की वेंकोबारावांचा फोन येतो. तमिळ कार्तिगै म्हणजे आपल्याकडे दिवाळीचा फराळ संपून डबे घासून ठेवल्यानंतरचा महिना. ते आता कुंभकोणमला मुलीकडे असतात. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून ते फोनवर ओरडतात. त्यांना ऐकू जावं म्हणून मीही ओरडते, आणि चेन्नईजवळच्या तांबरममधल्या माझ्या शेजारणीला वाटतं की हिच्या माहेरी काहीतरी बिनसलंय.

"पाऊस किती गे?"

"आहे. परवा आमच्या गल्लीत गुडघाभर होतं."

"पोरें जेवलीं?"

"आज संध्याकाळी वाढणार आहे."

"अस्कीं जेवलीं पाह्यजेत. एक राहिलें तरी चालत नाहीं, सांगतों."

अस्कीं म्हणजे सगळी. पोरें म्हणजे रोपं. एवढं सांगून ते फोन ठेवतात. माझं जेवण झालं का, हे त्यांनी आजवर कधी विचारलेलं नाही. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला ते रोज विचारणारं दुसरं माणूस होतं, आणि ते मी माझ्या हाताने घालवलं. एकाच हंगामात.

मी झाडांच्या मुळांवर राहणाऱ्या जंतूंचं काम करते. कराडला एका लग्नात मावशीने विचारलं होतं, "म्हणजे तू जंतू पाळतेस?" मी म्हटलं, "हो." तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मग हात धुऊन घे आधी." तेव्हापासून नातेवाइकांत मी फार खोलात जात नाही. तांबरमच्या पलीकडे एक रोपवाटिका आहे, तिथे एक छोटी लॅब आहे, तिथे माझी नोकरी आहे, इतकं सांगितलं की पुढचा प्रश्न लग्नाचाच येतो आणि विषय आपोआप बदलतो.

इथला पाऊस मला पटायला चार वर्षं लागली. कराडचा पाऊस गणपती उठले की आवरतं घेतो. दसऱ्याला छत्री माळ्यावर जाते. इथे दसऱ्याला छत्र्या बाहेर निघतात. पहिल्या वर्षी मी ऑक्टोबरात रेनकोट घरी पाठवून दिला होता, कशाला उगाच कपाटात जागा अडवायची म्हणून. नोव्हेंबरात आईने तोच रेनकोट कुरियरने परत पाठवला, सोबत चिठ्ठी: "तिथल्या लोकांना विचारत जा गं बाई."

पण ज्या हंगामाची मला आठवण येते तो पावसाच्या कितीतरी आधी, आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमाराला सुरू झाला होता. आडीत कोरडा वारा सुटतो, दोरीवरचे कपडे शेजारच्या गच्चीवर जातात. आडीत पेर, शोधून शोधून पेर, असं इथले लोक म्हणतात. त्या आडीत आम्ही सुरू पेरला. आपल्याकडे सुरूचं बन कोकणातल्या किनाऱ्यावर सहलीत बघितलेलं असतं, सूंऽऽ असा आवाज करणारं. इथे त्याला सवुक्कु म्हणतात. लग्नाचा मांडव त्याच्याच वाशांवर उभा राहतो, इमारतींच्या परांच्या त्याच्याच, आणि वादळ येतं तेव्हा किनाऱ्यावरची गावं त्याच्याच आडोशाला बसतात. त्याचं बी इतकं हलकं असतं की शिंकलं तर उडून जावं. सेल्वी अक्का ते वाळूत मिसळून, वाऱ्याकडे पाठ करून, पदर आडवा धरून पेरायची. मी वही घेऊन शेजारी उभी. ती बी टाकता टाकता विचारायची, "साप्टाच्चा, तंगच्ची?" जेवलीस का गं, धाकटी? इथे हा प्रश्न 'काय कसं काय' म्हणावं तसा कुणीही कुणालाही विचारतं. पण सेल्वी उत्तराची वाट बघायची. मी "कॉफी घेतली" म्हटलं की तिच्या डब्यातली एक इडली माझ्या हातावर यायची, पोडीची सुकी चटणी आणि तेल लावलेली. रोपवाटिकेत पाण्यावर आणि वाफ्यांवर कामाला होती ती. नवरा रिक्षा चालवायचा. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी.

सुरूचं रोप एकट्याने वाढत नाही. त्याच्या मुळांना बारीक तांबूस गाठी येतात, आणि त्या गाठींत एक जंतू राहतो. हवेतला नत्र तो झाडाला खाऊ घालतो, झाड त्याला साखर देतं. वाळूत लावलेल्या रोपाला हा सोबती मिळाला नाही तर ते मरत नाही, पण पिवळं पडून तसंच बसून राहतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. सेल्वीला असं माहीत होतं की रोपवाटिकेच्या मागे जुनं सवुक्कुचं बन आहे, तिथली काळी माती चिमूटभर पिशवीत टाकली की रोप धरतं. तिच्या आईलाही ते माहीत होतं. आमच्या प्रकल्पाचं म्हणणं असं, की ज्या गावात जुनं बनच नाही त्यांनी काय करायचं? म्हणून तो जंतू गाठींतून काढून, वाढवून, बाटलीत भरून द्यायचा. कल्पना चांगलीच होती, अजूनही आहे. फक्त ती सिद्ध करून दाखवायची होती, आणि ते काम माझ्या गळ्यात होतं.

तीनशे पिशव्या. दीडशे रोपांना बाटलीतला जंतू द्यायचा, दीडशेंना नुसतं पाणी. या दुसऱ्यांना कंट्रोल म्हणतात. दोन्हींत फरक किती पडतो ते कार्तिगैत मोजायचं. फरक दिसला तर प्रकल्प पुढे चालू आणि माझी नेमणूकही. नाही दिसला तर दोन्ही बंद आणि मी कराडला परत. वडिलांनी तिथे एका शाळेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. आठवी-नववीला विज्ञान शिकवायचं आणि घरचं जेवायचं. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण मला जायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मला इतकी हवी होती, आणि ती गोष्ट म्हणजे पिशव्यांतली टीचभर रोपं. सांगितलं असतं तरी कुणाला खरं वाटलं नसतं.

साध्या मातीत आधीच हजार जंतू असतात, म्हणून पिशव्या भरण्याआधी माती वाफवावी लागते. लोखंडी पिंपात खाली पाणी, वर जाळी, जाळीवर माती, खाली सरपण. सेल्वी म्हणाली, आज मातीची इडली. आठ दिवस आम्ही मातीच्या इडल्या केल्या. कपड्यांना, केसांना तो वास लागला, तापलेल्या ओल्या मातीचा, जरासा आंबूस. अजूनही कुठे चुलीवर पाणी सांडलं की मला तोच वास येतो आणि त्या आठवड्यातला घाम आठवतो.

रोपवाटिकेचं रजिस्टर वेंकोबाराव लिहायचे. आवडी नावाच्या उपनगरातल्या एका कारखान्याच्या कँटीनमधून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, धोतर, वर पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. तमिळ माणसं त्यांना 'रायर' म्हणत, म्हणजे रावच. माझं नाव ऐकून पहिल्या दिवशी ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही महाराष्ट्रांतून आलांत? आम्ही तंजावूरचे. जेवण कोठें करतांत?" मला वाटलं हे माझी थट्टा करताहेत. असं मराठी मी फक्त शाळेच्या पुस्तकात, तेही ऑप्शनला टाकलेल्या धड्यात वाचलं होतं. मधेच 'बरं'च्या जागी तमिळ 'सरी' यायचं, 'अय्यो' यायचं, वाक्य शेवटी तमिळसारखं वर चढायचं. पण ते मराठी होतं, आणि रोज आठ तास तुटक्या तमिळमध्ये काढणाऱ्या मला ते ऐकून इतकं बरं वाटायचं की मी काहीतरी निमित्त काढून रजिस्टरच्या टेबलाशी जायची. महिन्याभरात ते माझे कुणीतरी झाले. घरचं माणूस म्हणतात तसं.

लॅबच्या व्हरांड्यात एक बाक होता. दुपारी ते त्यावर बसून स्टीलच्या डब्यातला दहीभात खायचे आणि मला पंगतींच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या लोकांतल्या कुठल्याही लग्नात वाढपी म्हणून त्यांना बोलावणं असे. आधी मीठ, मग कोशिंबीर, शेवटच्या पानावर तूप पडल्याशिवाय पहिल्या पानाने हात लावायचा नाही. आणि एकाच ओळीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढायचं नाही. "पंक्तिप्रपंच केला तर पाप जेवणाऱ्यास नाहीं, वाढणाऱ्यास," ते म्हणायचे. कँटीनमध्ये एकदा हुकूम निघाला, की साहेबांना दोन अप्पळम, म्हणजे पापड, आणि कामगारांना एक. यांनी अप्पळम मोडून सगळ्यांना दीड दीड वाढले. मेमो मिळाला. तो मेमो त्यांनी घरी जपून ठेवला होता, लग्नपत्रिका ठेवतात तसा. ही गोष्ट ऐकून मी पोट धरून हसले. हसण्याऐवजी मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

गणपतीच्या सुमाराला, पुरट्टासी महिना लागता लागता कंट्रोलची रोपं पिवळी पडायला लागली. निळी चिठ्ठी लावलेली दीडशे हिरवीगार, पांढरी चिठ्ठी लावलेली दीडशे पिवळट, एकाआड एक ओळींत. मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. आमचे सर शहरातल्या ऑफिसात असत आणि पंधरा दिवसांनी येत, उंटावरून शेळ्या हाकायला. ते बघून खूश झाले. म्हणाले, दोन्हीकडची बारा-बारा रोपं व्हरांड्यात आणून ठेवा, दर आठवड्याला फोटो काढा. मी चोवीस पिशव्या वर आणल्या, जाळीखाली रांगेत लावल्या आणि जाळीला कुलूप घातलं.

वेंकोबाराव बाकावरून त्या पिवळ्या बारांकडे बघत. "ह्यांस काय जालें?"

"उपाशी आहेत. मुद्दाम ठेवलीत."

"मुद्दाम?"

मी त्यांना कंट्रोल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. डब्यातल्या भातात त्यांचा हात तसाच राहिला होता. सगळं ऐकून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "पावम्." बिचारी. मग डबा बंद केला. मला वाटलं, समजलं त्यांना.

नवरात्रात इथे घरोघरी कोलू मांडतात, बाहुल्यांच्या पायऱ्या. रोज कुठल्या ना कुठल्या घरचं सुंडल मिळतं, चण्याचं, वाटाण्याचं. ते नऊ दिवस मी सुंडल खाल्लं आणि मोजमापं लिहिली. मग पाऊस आला. या पावसाबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. तो येतो, रस्ते बुडतात, शाळांना सुट्ट्या लागतात, दूधवाला कंबरभर पाण्यातून पिशवी डोक्यावर घेऊन येतो आणि विचारतो, उद्या एक जास्त देऊ का. आठवडाभर मी वाफ्यांकडे फिरकले नाही. दिवाळी झाली. कराडहून चिवडा घेऊन परत आले तर पांढऱ्या चिठ्ठीची रोपं हिरवी झाली होती.

आधी वाटलं, पावसाने तरारली असतील. मग रोज जास्त हिरवी. दिवाळीनंतरच्या आठवड्यात सर आले, ओळींमधून चालत गेले, थांबले. "दोन्ही सारखीच दिसताहेत." मी एक पांढऱ्या चिठ्ठीची पिशवी फाडली, मूळ पाण्यात धुतलं. तांबूस गाठी. एक, दोन, पाच. वाफवलेल्या मातीत, नुसत्या पाण्यावर वाढलेल्या रोपाच्या मुळाला गाठी. म्हणजे कुठून तरी जंतू आत आला होता. आली का पंचाईत! सर घड्याळाकडे बघत होते.

आणि मी सेल्वीकडे वळले. सगळ्या बायकांच्या देखत विचारलं, पाणी घालताना झारी एकच वापरलीस ना? निळ्यांची झारी पांढऱ्यांच्या पाण्यात बुडवलीस ना? किती वेळा सांगितलं होतं! रागात माझ्या तमिळमधला होता नव्हता तो आदर गळून पडला. घरच्या कामवालीशीही कुणी बोलू नये तशी मी बोलले. सेल्वीने हातातली झारी खाली ठेवली. "मी नाही केलं," म्हणाली. एकदाच. मग झारी उचलून राहिलेल्या वाफ्याला पाणी घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंकोबाराव माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. हातात जेवणाचा डबा. तो त्यांनी उघडून माझ्यासमोर ठेवला. आत काळी माती होती, सुरूच्या वाळक्या काड्या मिसळलेली.

"मीच घातलों माती. त्या बाईस कशाला बोललांत?"

मी डब्यातल्या काड्या बोटाने बाजूला केल्या.

"नवरात्रांत रोज जेवण जाल्यावर डबा धुवून मागच्या बनांतून माती आणलों. चमच्यानें वाढलों. पांढऱ्या चिठ्ठीच्या अस्क्यांस. एका ओळींत बसवून एकास वाढायचें नि शेजारच्यास नाहीं, हें मला पाहवत नाहीं."

"वेंकोबाराव, अहो, माझी नोकरी जाईल!"

ते खरंच दचकले. त्यांनी इतका पुढचा विचार केला नव्हता. मग बाहेर व्हरांड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तीं बारा राहिलीं. तेथें कुलूप असतें."

ती बारा. पिवळी, खुरटलेली, जाळीखाली रांगेत बसलेली. मी धावत बाहेर गेले. एकाचं मूळ खरवडून बघितलं: गाठी नाहीत. बारा पिवळी आणि त्यांच्या शेजारी बारा हिरवी. तीनशेतून एवढीच उरली होती, पण एवढ्यावर मोजणी होऊ शकत होती. अजून महिनाभर ती बारा अशीच उपाशी राहिली, तर मी चेन्नईत राहणार होते. इतकं सरळ होतं ते.

सरांना मी फोनवर सांगितलं, की कंट्रोलमध्ये जंतू शिरला, निष्काळजीपणा झाला, माझाच. कुणी केलं ते विचारलं त्यांनी. मी पुन्हा म्हटलं, माझाच. मला स्वतःचं कौतुक वाटलं. म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेतलं, अंगावर घेतलं, वा! फोन ठेवून वळले तर दारात सेल्वी. पाण्याचा कॅन घेऊन आली होती. वेंकोबारावांनी सगळं तिलाही सांगून टाकलं होतं.

"माझं नाव लगेच आलं होतं तोंडात," ती तमिळमध्ये म्हणाली. "त्यांचं येत नाही, नाही का, मॅडम?"

तोवर मी तंगच्ची होते. त्या दिवसापासून मॅडम झाले. तेव्हा मला राग आला. एवढं काय लावून धरायचं? चुकून बोलले, माणूस आहे. मी तिची माफी मागितली नाही, चार दिवसांनी घरचा चिवडा नेऊन दिला. तिने तो घेतला, डबा धुऊन परत दिला आणि जेवलीस का विचारलं नाही.

तो महिना फार लांबला. पाऊस कोसळत होता आणि मी रोज सकाळी त्या बारांना मोजून नुसतं पाणी घालत होते. एक चमचा माती टाकली असती तर पंधरा-वीस दिवसांत त्यांनी मान वर काढली असती. बन शंभर पावलांवर होतं. जाळीच्या कुलपाची किल्ली मी गळ्यातल्या साखळीत घातली, मंगळसूत्र नव्हतंच. वेंकोबारावांनी व्हरांड्यातला बाक सोडला. ते कडुनिंबाखाली, छत्री धरून, पाठमोरे बसून जेवायचे. एकदाच विचारलं त्यांनी, "त्या बारांस?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी मान हलवली.

कार्तिगैचे दिवे लागले. दारोदारी मातीच्या पणत्या, ओल्या उंबऱ्यांवर. शेवटची उंची मोजून झाली, फोटो काढून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यातली सगळी रोपं उपटायची, मुळं धुवायची, कागदात गुंडाळून ओव्हनमध्ये वाळवायची आणि वजन करायचं. झाडाने काय खाल्लं ते शेवटी त्याला वाळवूनच कळतं. हिरवी बाराही जाणार होती आणि पिवळीही.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला भुरभुर पावसात वेंकोबाराव आले. पायरीवर उभे राहिले, वर आले नाहीत. हातात डबा.

"मोजून जालें?"

"झालं."

"मग आतां वाढलें तर तुमच्या कागदास काय होणार?"

मी खरोखर विचार केला. एका रात्रीत काहीच होत नाही. चिकटलेली माती धुण्यात जाईल. वजनात फरक पडणार नाही. "काही नाही होणार," मी म्हटलं. "पण उद्या सकाळी उपटायचीच आहेत. आता घालून काय उपयोग?"

"उपयोगासाठीं कोण वाढतो गे? पंगतींतून उपाशीं कोणी उठूं नये, येवढेंच." त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. "तुम्हीच वाढा. उपाशीं तुम्ही ठेवलांत."

मी कुलूप काढलं. चमचा घेतला. पहिल्या पिशवीत माती घातली, दुसऱ्या, तिसऱ्या. माती गार होती आणि तिला बनाचा वास होता. पाचव्या की सहाव्या पिशवीशी मला रडू आलं. रोपांसाठी नाही. मला सेल्वी दिसत होती, झारी खाली ठेवणारी. गाठी बघितल्याबरोबर मी तिच्याकडे वळले होते, आणि या माणसाकडे बघायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं, कारण तो माझ्याशी मराठीत बोलायचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कारटं. पंक्तिप्रपंच, पंक्तिप्रपंच म्हणून मी ज्या गोष्टीवर हसले होते ती मीच केली होती, भर पंगतीत, सगळ्यांच्या देखत. बारावी पिशवी होईपर्यंत मला नीट दिसत नव्हतं. वेंकोबाराव पायरीवर पाठ करून उभे होते, त्यांना वाटलं मी रोपांसाठी रडतेय. तसं वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी ओव्हन सुरू करून मी सेल्वीकडे गेले आणि सगळ्या बायका होत्या तिथेच, मोठ्याने, माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. "परवायिल्लै, मॅडम," म्हणाली. असू दे. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

वजनांत फरक निघाला, चांगला ठसठशीत. बारांच्या जोरावर प्रकल्प वाढला, मीही राहिले. आता त्या बाटल्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ गावांत जातात. वेंकोबारावांनी जेवू घातलेल्या एकशे अडतीस रोपांबद्दल मी अहवालात एक ओळ लिहिली होती: जुन्या बनातली माती आमच्या बाटलीइतकीच गुणकारी निघाली. सरांनी ती उचलून परिशिष्टात टाकली. वाफ्यांतली बाकीची रोपं मात्र निळी-पांढरी न बघता एकाच ट्रकने किनाऱ्यावर गेली.

त्यानंतर दर वर्षी दुसरी झाडं असतात, करंज, शिरीष, कडुनिंब, आणि दर वर्षी कंट्रोल असतो. काहींना उपाशी ठेवल्याशिवाय माझं शास्त्र चालत नाही. ते मी करते आणि त्याने माझी झोप उडत नाही. फक्त उपटायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना वाढते. कामाच्या वेळापत्रकात तशी ओळच आहे. नव्या साहेबांनी एकदा विचारलं, याचं कारण काय? मी म्हटलं, इथली पद्धत आहे. त्यांनी सही केली.

सेल्वी आता रोपवाटिकेची मुकादम आहे. रजिस्टर तिच्याकडे आहे, अक्षर वेंकोबारावांपेक्षा चांगलं आहे. तिच्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते, मला पहिल्या ओळीत बसवलं, सगळं वाढलं, मायेने वाढलं. नव्याने आलेल्या प्रत्येकीला ती विचारते, साप्टाच्चा? मी शेजारून जात असते, ऐकत असते. मला नाही विचारत. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

आज फोनवर ओरडून झालं आणि संध्याकाळी मी वेंकोबारावांनी मागे ठेवलेला तो स्टीलचा डबा घेऊन बनात गेले. पाऊस थांबला होता, सुरू गळत होता. माती आणली, शेडमध्ये गेले. यंदा करंजाची चाळीस रोपं आहेत कंट्रोलला. मी एकेका पिशवीत चमचा टाकत ओळीने पुढे गेले. गुडघे दुखायला लागलेत आता. डबा संपला तेव्हा उठले आणि झाकण लावलं.

सेल्वी दारात उभी होती, रजिस्टर छातीशी धरून. कधी आली होती कोण जाणे. तिने माझ्याकडे बघितलं नाही, ओळीच्या टोकाला, खांबाच्या आड राहिलेल्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"त्याला राहिलं, मॅडम."

डब्याच्या तळाशी थोडी माती चिकटली होती. ती मी बोटाने निपटून काढली आणि त्याला वाढली.